गंभीर भाजलेल्या रुग्णाचे पहिले २४ तास: सलाईन किती द्यावे आणि नजर कशावर ठेवावी

राब भाजण्याचे, म्हणजे पेरणीपूर्वी शेतजमिनीवर पालापाचोळा पेटवण्याचे, दिवस सुरू झाले की कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक धास्ती असते. दुपारचा वारा अचानक फिरतो, पेटलेल्या कवळांची (पाल्या-फांद्यांच्या भाऱ्यांची) आग लुगड्याच्या पदराला धरते आणि तासाभरात ती बाई आपल्या दारात आणली जाते. ही एकच वाट नाही. पडवीत उकड्या तांदळासाठी भात शिजवण्याचा हंडा, न्हाणीच्या चुलीवरचे आधणाचे तपेले, मच्छीमार नौकेचे इंजिनघर, लोटे किंवा महाड येथील रासायनिक कारखाने, आंबे काढताना विजेच्या तारेला टेकलेली झेल्याची धातूची काठी, अशा कितीतरी वाटांनी गंभीर भाजलेले रुग्ण येतात. मोठे जळीत केंद्र बहुतेक ठिकाणांहून काही तासांच्या अंतरावर असते, आणि नेमके तेच तास रुग्णाचे पुढचे सारे ठरवतात.

हा लेख पहिल्याच नेमणुकीवर आलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि परिचारिकांसाठी आहे. जखमेची मलमपट्टी आणि शस्त्रक्रिया यांचा विचार येथे केलेला नाही. शिरेतून किती द्रव द्यायचा आणि तो पुरेसा आहे की जास्त होत आहे हे दर तासाला कसे ओळखायचे, एवढाच विषय घेतला आहे. आपल्या रुग्णालयाची लेखी उपचारपद्धती असेल तर ती हाताशी ठेवावी, आणि मोठ्या जखमेचा रुग्ण आल्याबरोबर वरिष्ठांना व जळीत केंद्राला दूरध्वनी करावा. खाली जे लिहिले आहे ते त्या संभाषणाच्या जोडीने वापरायचे आहे.

शरीरात काय घडते

त्वचेचा मोठा भाग भाजला की केवळ त्या जागेच्या नव्हे, तर सबंध शरीरातील केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात. रक्तातील पाणी, क्षार आणि प्रथिने त्यांतून झिरपून ऊतींमध्ये उतरतात. ही गळती पहिल्या ८ ते १२ तासांत सर्वाधिक असते आणि साधारण २४ तासांच्या सुमारास बरीच आटोक्यात येते. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही, रुग्ण शुद्धीवर असतो, प्रश्नांची उत्तरे देतो, म्हणून नवख्या माणसाला त्याची प्रकृती प्रत्यक्षापेक्षा बरी वाटते. आत मात्र रक्ताचे आकारमान घटत असते आणि मूत्रपिंडांना, आतड्यांना, खुद्द भाजलेल्या त्वचेच्या खालच्या जिवंत थरालाही रक्त कमी पडू लागते.

शिरेतून द्रव द्यायचा तो ही घट भरून काढण्यासाठी. मात्र ज्या भिंतींतून पहिले पाणी गळाले, त्याच भिंतींतून आपण दिलेले पाणीही गळते. कमी दिले तर मूत्रपिंडे बंद पडतात, आणि जास्त दिले तर तेच पाणी फुप्फुसांत, घशात, पोटात आणि भाजलेल्या हातापायांत साठून सूज वाढते. या दोन संकटांच्या मधली वाट अरुंद असते आणि ती दर तासाला थोडी सरकत असते. कोणतेही सूत्र आपल्याला केवळ त्या वाटेच्या तोंडाशी नेऊन सोडते, आणि पुढचा मार्ग रुग्णाच्या लघवीकडे पाहतच काढावा लागतो. नवख्यांनी या लेखातून एकच गोष्ट मनात ठेवायची झाली तर ती हीच ठेवावी.

द्रव सुरू करण्यापूर्वी

श्वासमार्गाची खात्री सर्वांत आधी करावी. बंद जागेत भाजलेला रुग्ण, जळलेले नाकातील केस, बसलेला आवाज, थुंकीतील काजळी यांपैकी काहीही दिसले तर भूलतज्ज्ञाला तेव्हाच बोलवावे, कारण द्रव सुरू झाला की घशाची सूज वाढते आणि तासाभरापूर्वी सहज जाणारी नळी नंतर जात नाही. धुरात कोंडलेल्या रुग्णाच्या बोटावरील ऑक्सिजनचा आकडा कार्बन मोनॉक्साइडमुळे खोटा चांगला दिसू शकतो, म्हणून त्या आकड्यावर न विसंबता ऑक्सिजन सुरू करावा.

त्यानंतर तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: भाजल्याची वेळ, रुग्णाचे वजन आणि भाजलेल्या त्वचेची टक्केवारी.

वेळ लिहायची ती भाजण्याची, दाखल होण्याची नव्हे. नातेवाईक घड्याळातली वेळ क्वचितच सांगतात. "दुपारची एसटी गेल्यावर", "पेज जेवून शेतावर गेलो त्यानंतर", असे सांगतात. अशा वेळी घाई न करता दोघांना वेगवेगळे विचारून वेळ ठरवावी, कारण पुढचे सारे गणित त्या वेळेपासून सुरू होते. वजन शक्य असल्यास प्रत्यक्ष करावे आणि खाटेवरच्या रुग्णाचे जमत नसेल तर घरच्यांना विचारून व शरीरयष्टी पाहून अंदाजे लिहावे. ते अंदाजे आहे हेही तेथेच नोंदवावे.

टक्केवारीत सर्वाधिक चुका होतात. प्रौढांसाठी नवाचा नियम वापरतात: डोके व मान ९ टक्के, प्रत्येक हात ९ टक्के, प्रत्येक पाय १८ टक्के, धडाची पुढची बाजू १८ टक्के, पाठीची बाजू १८ टक्के आणि जननेंद्रियाचा भाग १ टक्का. विखुरलेल्या जखमांसाठी रुग्णाच्या स्वतःच्या हाताचा तळवा, बोटे जुळवलेली धरून, सुमारे १ टक्का मोजावा. लहान मुलांचे डोके मोठे आणि पाय लहान असतात. तान्ह्या मुलाचे डोकेच सुमारे १८ टक्के भरते. त्यामुळे मुलांसाठी लुंड आणि ब्राउडर यांचा वयानुसार टक्केवारी देणारा तक्ता भिंतीवर लावून ठेवावा. केवळ लाल झालेली, फोड न आलेली त्वचा मोजायची नसते. आपल्याकडे रुग्ण राख, हळद, दंतमंजन, कधी शाई लावून येतात आणि राबाच्या आगीत सापडलेल्याच्या अंगावर काजळीचा थर असतो. तो हलक्या हाताने पुसल्याशिवाय मोजमाप केले तर टक्केवारी हमखास वाढवून लिहिली जाते, आणि वाढीव टक्केवारी म्हणजे वाढीव सलाईन. पाठ पाहायला विसरू नये.

प्रौढांत २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक, आणि मुलांत १० टक्क्यांहून अधिक त्वचा भाजली असेल तर मोजून द्रव द्यावा लागतो. त्यासाठी जाड सुईच्या दोन शिरा धराव्यात. न भाजलेली जागा मिळाली तर उत्तमच, न मिळाल्यास भाजलेल्या त्वचेतूनही शीर धरता येते, पण ओलसर त्वचेवर चिकटपट्टी टिकत नाही, म्हणून सुई नीट बांधावी. बांधताना हात पुढे सुजणार आहे हे लक्षात ठेवून पट्टी आवळू नये.

पहिला आकडा

द्रव म्हणून रिंगर लॅक्टेट, म्हणजे वॉर्डात ज्याला आर.एल. म्हणतात ते वापरावे. नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराइड जास्त असते आणि ते लिटरच्या लिटर दिल्यास रक्तातील आम्लता वाढते. आर.एल. संपले असेल तर ते येईपर्यंत नॉर्मल सलाईन चालवावे, परंतु ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे सलाईन, ही त्याची बदली नव्हे. ते रक्तवाहिन्यांत टिकत नाही.

अमेरिकेतील डॅलस येथील पार्कलंड रुग्णालयात चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६० च्या दशकात मांडलेले सूत्र जगभर शिकवले जाते: दर किलो वजनामागे, भाजलेल्या दर टक्क्यामागे ४ मिली, आणि त्यातील निम्मे भाजल्यापासून पहिल्या ८ तासांत, उरलेले निम्मे पुढच्या १६ तासांत. अनुभवाने असे दिसून आले की या आकड्याने सुरुवात केल्यावर रुग्णांना गरजेपेक्षा बरेच अधिक पाणी जाते, म्हणून आता प्रौढांसाठी २ मिलीने, मुलांसाठी ३ मिलीने आणि उच्च दाबाच्या विजेने भाजलेल्यांसाठी ४ मिलीने सुरुवात करण्याची पद्धत रूढ झाली आहे.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. ६० किलो वजनाची एक स्त्री सकाळी ७ वाजता राबाच्या आगीत ४० टक्के भाजली. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला ५०० मिली आर.एल. मिळाले आणि ९ वाजता ती आपल्याकडे पोहोचली. २ गुणिले ६० गुणिले ४० म्हणजे २४ तासांसाठी ४,८०० मिली. पहिल्या ८ तासांचा वाटा २,४०० मिली, आणि ते ८ तास दुपारी ३ वाजता संपतात. ५०० मिली आधीच गेले आहेत, म्हणून उरलेले १,९०० मिली ६ तासांत, म्हणजे तासाला सुमारे ३२० मिली द्यायचे.

पंप नसेल तर थेंब मोजावे लागतात. १ मिलीला २० थेंब पडणाऱ्या नेहमीच्या सेटवर तासाचे मिली भागिले ३ केले की मिनिटाचे थेंब मिळतात. ३२० मिलीला मिनिटाला १०७ थेंब होतात आणि ते डोळ्यांनी मोजणे कठीण जाते, म्हणून दोन्ही शिरांतून प्रत्येकी १६० मिली, म्हणजे मिनिटाला ५३ थेंब ठेवावेत. सेटच्या वेष्टनावर थेंबांची संख्या छापलेली असते. ती प्रत्येक वेळी वाचावी, कारण सूक्ष्म थेंबांच्या सेटवर १ मिलीला ६० थेंब पडतात.

रुग्ण फार उशिरा, समजा भाजल्यानंतर ७ तासांनी आला तर उरलेल्या एका तासात सगळा वाटा ओतण्याचे गणित करू नये. त्यापेक्षा वरिष्ठांशी बोलून सुरुवातीचा वेग ठरवावा आणि लघवी पाहत पायरीपायरीने वाढवावा. रक्तदाब खरोखर घसरला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी एकदम बाटली रिकामी केल्याने गळतीच वाढते.

दर तासाची लघवी

मूत्रमार्गात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालणे हे या रुग्णांत दुय्यम काम नव्हे. शीर धरल्यावर लगेच ते करावे. जननेंद्रियाचा भाग भाजलेला असेल तर सूज येण्याआधीच घालावे. कॅथेटर घातल्याबरोबर जी लघवी निघते ती मूत्राशयात आधीपासून साठलेली, बहुधा भाजण्यापूर्वीची असते. तिचे माप आणि रंग वेगळे लिहावेत आणि ती पहिल्या तासाच्या हिशेबात धरू नये. अनेक नवखे लोक ती ३०० मिली लघवी पाहून निर्धास्त होतात.

युरोबॅगेवरच्या, म्हणजे लघवी साठवणाऱ्या पिशवीवरच्या, जाडजूड खुणांवरून १५ आणि ३० मिलीतील फरक कळत नाही. तासाच्या मापाची पेटी असलेली पिशवी मिळाली तर ती लावावी; नसेल तर दर तासाला पिशवी मोजपात्रात रिकामी करून मापावी.

प्रौढांत लक्ष्य दर किलोमागे तासाला सुमारे अर्धा मिली, म्हणजे साधारण ३० ते ५० मिली असते. लघवी यापेक्षा कमी झाली तर सलाईनचा वेग १० ते २० टक्क्यांनी वाढवावा. ५० मिलीच्या वर गेली तर तितकाच कमी करावा. मध्ये असेल तर हात लावू नये. वाढवण्याचे काम सगळे करतात. कमी करण्याचे धाडस थोडे जण करतात, कारण भरपूर लघवी पाहून बरे वाटते. परंतु तासाला १०० मिली लघवी म्हणजे मूत्रपिंडे उत्तम आहेत एवढेच नव्हे, तर आपण गरजेपेक्षा जास्त पाणी देत आहोत आणि त्याचा मोठा भाग ऊतींत उतरत आहे, असा तिचा अर्थ असतो.

वरच्या उदाहरणात पुढे काय झाले असे धरू या. १० वाजता लघवी १८ मिली, म्हणून वेग ३८० केला. ११ वाजता २४ मिली, म्हणून ४५०. १२ वाजता ३८ मिली, तेव्हा वेग तसाच ठेवला. १ वाजता ६२ मिली आली, म्हणून ४०० वर आणला. २ वाजता ४५ मिली, बदल नाही. दुपारी ३ वाजता हिशेब केल्यास सूत्राच्या २,४०० ऐवजी २,९०० मिली गेलेले दिसतील. यात काही चुकलेले नाही. या रुग्णाची गरज तेवढी होती. सूत्राप्रमाणे ३ वाजता वेग एकदम तासाला १५० वर आणायला हवा, पण तसे करू नये. शरीर घड्याळात ३ वाजले म्हणून गळती थांबवत नाही. लघवी पाहत दर तासाला एकेक पायरी उतरावी.

लघवी अचानक थांबली तर सलाईनच्या चाकाला हात लावण्यापूर्वी पांघरूण बाजूला करून कॅथेटर पाहावा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. अनेक वर्षांपूर्वी रात्रपाळीत एका रुग्णाच्या पत्रकावर सलग तीन तास १० मिलीच्या आतली लघवी दिसत होती आणि मी प्रत्येक तासाला वेग वाढवत गेलो. पहाटे कूस बदलताना परिचारिकेला दिसले की नळी मांडीखाली दुमडलेली होती. ती सरळ करताच पिशवीत लघवीची धार लागली. तोपर्यंत गेलेले पाणी परत काढता येत नव्हते. त्या रुग्णाचा चेहरा सुजून डोळे मिटले होते आणि पुढचे दोन दिवस त्याला श्वासाचा त्रास झाला. तेव्हापासून मी पत्रकावर लघवीच्या रकान्याशेजारी "नळी पाहिली" असा एक छोटा रकाना आखून घेतो. शंका असेल तर कॅथेटर निर्जंतुक सलाईनने धुऊन पाहावा.

उलट बाजूनेही फसगत होते. भाजल्याच्या ताणाने रक्तातील साखर वाढते आणि ती लघवीत उतरली की सोबत पाणी ओढून नेते. मधुमेही रुग्णात हे हमखास घडते. मद्यपान केलेल्या रुग्णातही सुरुवातीचे काही तास लघवी खोटी जास्त दिसते. म्हणून लघवी भरपूर असूनही नाडी फार जलद आणि हातपाय गार असतील, तर वेग कमी करण्यापूर्वी रक्तातील साखर तपासावी. याच कारणाने पहिल्या दिवसांत लघवी वाढवण्याचे इंजेक्शन देऊ नये. ते दिल्यावर लघवी येते खरी, पण आपल्या हातातील एकमेव भरवशाचे मोजमाप निकामी होते.

लघवीच्या जोडीला

नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध आणि हातापायांची ऊब दर तासाला त्याच पत्रकावर लिहावी. मोठ्या जखमेच्या प्रौढ रुग्णाची नाडी मिनिटाला ११० ते १२० असणे अपेक्षितच आहे. तिला खाली आणण्यासाठी पाणी देत राहू नये. ती १३० च्या वर टिकून राहिली तर मात्र कारण शोधावे, आणि कारणांत वेदनाही धरावी. वेदनाशामक थोड्या थोड्या प्रमाणात शिरेतूनच द्यावे, कारण स्नायूत दिलेले औषध अशा अवस्थेत नीट शोषले जात नाही. सुजलेल्या, भाजलेल्या दंडावर बांधलेल्या पट्ट्याचा रक्तदाब विश्वासार्ह नसतो. गोंधळलेला, पांघरूण फेकणारा, उठून बसू पाहणारा रुग्ण "घाबरला आहे" असे लिहून मोकळे होऊ नये. मेंदूला रक्त किंवा ऑक्सिजन कमी पडल्याचे ते पहिले लक्षण असू शकते.

रक्ताच्या तपासण्यांची सोय असेल तर दर ४ ते ६ तासांनी हिमोग्लोबिन व हेमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण), सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि शक्य तेथे लॅक्टेट पाहावे. एका आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे याला महत्त्व द्यावे. सुरुवातीला पाणी गळाल्याने हेमॅटोक्रिट वाढलेला असतो. तो पहिल्याच तासांत फार कमी दिसला तर पडल्यामुळे किंवा स्फोटामुळे आत कोठे रक्तस्राव तर नाही ना, हे पाहावे.

रुग्णाला उबदार ठेवणे हाही देखरेखीचा भाग आहे. भाजल्याबरोबर नळाच्या पाण्याने २० मिनिटे थंड करणे योग्यच, परंतु पावसाळ्यात ओल्या चादरीत गुंडाळून तासभर प्रवास करून आलेला मोठ्या जखमेचा रुग्ण गारठलेला असतो. गारठ्याने शिरा आवळतात आणि नाडी, रक्तदाब, लघवी या तिघांचेही वाचन बिघडते. ओले काढावे, कोरड्या स्वच्छ चादरीत ठेवावे, पंखा बंद करावा.

जास्त पाणी गेल्याची चाहूल

हातापायाला सर्व बाजूंनी वेढणारी खोल जखम असेल तर कडक झालेली त्वचा आवळपट्ट्यासारखी वागते आणि आतली सूज रक्तप्रवाह थांबवते. त्या अवयवाची नाडी, बोटांचा रंग, ऊब आणि संवेदना दर तासाला पाहाव्यात, तो अवयव हृदयापेक्षा उंच ठेवावा, आणि नाडी मंद होत असल्यास तत्काळ शल्यचिकित्सकाला कळवावे. छातीभोवती तशी जखम असेल तर श्वास उथळ होत जातो. या दोन्ही ठिकाणी कडक त्वचेला चीर देणे हा उपाय असतो.

पोट ताठ होणे, लघवी पुन्हा कमी होणे आणि श्वास किंवा कृत्रिम श्वसनयंत्राचा दाब वाढणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पोटातील दाब वाढल्याचा संशय घ्यावा. येथे फार मोठा सापळा आहे: लघवी कमी म्हणून सलाईन वाढवले जाते, सलाईनने पोटातील सूज वाढते आणि त्या दाबाखाली मूत्रपिंडे आणखी दबतात. कॅथेटरमधून मूत्राशयातील दाब मापता येतो. तो २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर राहिला आणि अवयवांचे काम बिघडू लागले, तर ती तातडीची अवस्था समजावी.

म्हणून दर तासाच्या आकड्याशेजारी एकूण बेरीजही लिहीत जावी. २४ तासांची वाटचाल दर किलोमागे २५० मिलीच्या दिशेने चाललेली दिसली, म्हणजे आपल्या ६० किलोच्या रुग्णात १५ लिटरकडे, तर हा धोक्याचा कंदील आहे. तेथवर पोहोचण्याची वाट पाहू नये. आठव्या-दहाव्या तासालाच बेरीज सूत्राच्या फार पुढे गेली असेल तर टक्केवारी पुन्हा मोजावी, सुटलेली इजा शोधावी आणि अल्ब्युमिन (रक्तातील प्रथिनाचा द्रव) सुरू करण्याबाबत जळीत केंद्राला विचारावे. तोंडाने घेतलेले पाणी, औषधांसोबत गेलेले सलाईन हेही बेरजेत धरावे.

मुले आणि विजेने भाजलेले

मुलांच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो, म्हणून जखमेसाठीच्या आर.एल.खेरीज डेक्स्ट्रोजयुक्त नेहमीचा द्रव वेगळा चालवावा लागतो. उकड्या भाताच्या हंड्यात पडून २० टक्के भाजलेले १२ किलोचे मूल घेतले तर ३ गुणिले १२ गुणिले २० म्हणजे ७२० मिली. निम्मे ३६० मिली ८ तासांत, म्हणजे मूल लगेच पोहोचले असेल तर तासाला ४५ मिली. त्याशिवाय वजनानुसार पहिल्या १० किलोला तासाला ४० आणि पुढच्या २ किलोला ४, असा ४४ मिलीचा नेहमीचा द्रव. ३० किलोच्या आतील मुलात लघवीचे लक्ष्य दर किलोमागे तासाला १ मिली, म्हणजे येथे १२ मिली. लघवीनुसार कमी-अधिक करायचे ते आर.एल.; नेहमीचा द्रव तसाच ठेवायचा. मुलांसाठी मोजनळीचा सेट वापरावा, मोठी बाटली थेट जोडू नये. रक्तातील साखर वरचेवर तपासावी. मुलाचा रक्तदाब अगदी शेवटी घसरतो, त्यामुळे तो चांगला आहे म्हणून थांबू नये.

आंब्याच्या झाडावर विजेचा झटका बसलेल्या रुग्णाच्या अंगावर दोनच लहान जखमा दिसतात, आणि आतले स्नायू हातभर जळालेले असतात. येथे टक्केवारीचे सूत्र अपुरे पडते. स्नायूंतील रंगद्रव्य लघवीत उतरले की ती कोऱ्या चहासारखी किंवा पातळ केलेल्या कोकमाच्या आगळासारखी दिसते, आणि ते रंगद्रव्य मूत्रपिंडांच्या नलिका बुजवते. असा रंग दिसला तर प्रौढात लक्ष्य वाढवून तासाला ७५ ते १०० मिली करावे आणि रंग निवळला की पुन्हा ३० ते ५० वर यावे. दर तासाची थोडी लघवी पारदर्शक नळीत घालून ओळीने ठेवली तर रंग निवळतो आहे की नाही हे पुढच्या पाळीच्या माणसालाही एका नजरेत कळते. पोटॅशियम आणि हृदयाचा आलेख पाहणे येथे अनिवार्य आहे.

तोंडावाटे देण्याविषयी

खाडीपलीकडच्या गावातून रुग्ण निघायला वेळ लागणार असेल, तो पूर्ण शुद्धीवर असेल, उलटी होत नसेल आणि चेहरा-घसा भाजलेला नसेल, तर घोट घोट ओ.आर.एस. देण्यास आशा सेविकांना सांगावे. नुसते पाणी भरपूर पाजू नये. रक्तातील सोडियम घसरते. आपल्याकडे मायेने शहाळे दिले जाते. एरवी ते उत्तम पेय आहे, परंतु त्यात सोडियम अगदी थोडे आणि पोटॅशियम भरपूर असते, आणि मोठ्या जखमेत जळालेल्या पेशींतून पोटॅशियम आधीच रक्तात उतरत असते. म्हणून पहिल्या दिवशी शहाळे टाळावे, हे नातेवाइकांना समजावून सांगावे.

घाट ओलांडताना

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, सावंतवाडीहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, रायगडातून ऐरोलीचे जळीत केंद्र किंवा मुंबई, यांपैकी कोणतीही वाट घेतली तरी रुग्ण काही तास १०८ च्या गाडीत असणार. त्या तासांत द्रवाचा वेग जसा बिघडतो तसा वॉर्डात कधीच बिघडत नाही. वळणांवर बाटली हेलकावते, हाताची घडी पडली की थेंब थांबतात, चाक सैल झाले की धार लागते. निघण्यापूर्वी दोन्ही शिरा तपासून हात फळीवर बांधावा, प्रवासाला पुरतील त्याहून दोन बाटल्या अधिक द्याव्यात आणि सोबतच्या परिचारिकेने दर १५ मिनिटांनी थेंब मोजावेत. रुग्णाला स्ट्रेचरवर घेताना युरोबॅग त्याच्या पोटावर ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याने पिशवीतील लघवी मूत्राशयात परत जाते. पिशवी कायम खाली टांगावी आणि घाटाच्या माथ्यावर गाडी थांबली की माप लिहावे.

सोबत द्यायच्या पत्रकावर भाजल्याची वेळ, वजन, टक्केवारीचे चित्र, आतापर्यंतचा एकूण द्रव (आरोग्य केंद्रात व गाडीत दिलेल्यासह), दर तासाचा वेग आणि लघवी, कॅथेटरची पहिली लघवी, दिलेली औषधे व त्यांच्या वेळा असाव्यात. "सलाईन चालू आहे" एवढ्या शेऱ्याचा पुढच्या डॉक्टरांना काहीही उपयोग नाही. त्यांना गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते आणि बहुधा रुग्णाला तेच पाणी दुसऱ्यांदा मिळते.

रुग्ण आपल्याकडेच राहिला तर २४ तासांच्या सुमारास गळती मंदावल्याची खूण दिसते: तोच वेग असताना लघवी वाढू लागते. तेव्हा आर.एल. टप्प्याटप्प्याने उतरवत नेहमीच्या गरजेच्या द्रवावर यावे, नळीवाटे अन्न सुरू झाले असेल तर त्यातील पाणी हिशेबात घ्यावे आणि सोडियम रोज पाहावे. रुग्ण पुढे पाठवला असेल तर दुसऱ्या दिवशी त्या केंद्राला दूरध्वनी करून दोन आकडे विचारावेत, २४ तासांत एकूण किती द्रव लागला आणि त्यांनी मोजलेली टक्केवारी किती निघाली, आणि ते आपल्या नोंदवहीत आपण लिहिलेल्या अंदाजाशेजारी लिहून ठेवावेत.